भिकनचे कोरडे पाय

"माय-बहिनीस्वन, पानीले काय भेतस? आठे बोट शे, जाकीट शे, शिकाडाले ललितभाऊ शे! जाकीट घालं तं दगड बी तरंगी!"

भिकनचा आवाज भोंग्यातून निघाला आणि बंधाऱ्याच्या फुगवट्यावरून पलीकडच्या केळीच्या बागेपर्यंत जाऊन आला. काठावर बचत गटाच्या बाया पदर सावरून उभ्या होत्या. त्या हसल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. शेवटी झुंबरबाई पुढे झाली. ही बाई सरपंचालाही तोंडावर सुनवायची, तिथे भिकनची काय कथा!

"भिकनभाऊ, दगडनं राहू दे. पह्यले तू बस. तू बसशी तं आमी बठ्ठ्या बससूत."

भिकनने भोंगा खाली घेतला. "माले आठे काम शे," तो म्हणाला आणि वाळत घातलेली जाकिटं पुन्हा एकदा उलटीपालटी करायला लागला. बाया एकमेकींकडे बघत घराकडे वळल्या.

भडगावच्या पुढे गिरणेवर जो बंधारा आहे, त्याच्या फुगवट्यावर हे बोटिंगचं केंद्र निघालं होतं. जळगावची माणसं सुट्टीला यायची, फोटो काढून जायची. पण केंद्र काढणाऱ्या साहेबांना गावची माणसं पाण्यात हवी होती. बायांनी वल्ही मारावीत, पोरांनी शर्यती खेळाव्यात, असा त्यांचा ध्यास. गावाला मात्र ते पटत नव्हतं. पाणी पिकाला लागतं, ढोरांना लागतं, गणपती बुडवायला लागतं. उगाच हौसेने त्यात जाऊन बसायचं, हे कुणाच्या डोक्यात शिरेना. साहेब मागच्या खेपेला स्पष्टच सांगून गेले होते, की गावाला गोडी लागली नाही तर पावसाळ्याआधी बोटी दुसरीकडे हलवणार.

भिकनला तिथे ठेवलं होतं ते आवाजासाठी. आधी तो रिक्षात बसून कुस्त्यांच्या दंगलीची आणि साड्यांच्या सेलची जाहिरात करत हिंडायचा. त्याच्या हाळीला गाव उंबऱ्यावर यायचं. आता त्याच आवाजाने तो सगळ्या तालुक्याला पाण्यात उतरा म्हणून सांगत होता, आणि स्वतःचा तळपाय त्याने जन्मात गिरणेत बुडवला नव्हता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, म्हणतात ते असं.

याला कारण त्याची आई, सुगंधाबाई. तिचा थोरला मुलगा आधार लहानपणीच नदीच्या उतारावर, म्हणजे पायी नदी ओलांडायच्या जागी, बुडाला. मग भिकन झाला, तेव्हा तिने त्याला पदरात घेऊन घरोघर भीक मागितली, म्हणजे तो मागून आणलेला ठरावा आणि दैवाची नजर त्याच्यावर पडू नये. नाव ठेवलं भिकन. आणि नदीशी बोलली, की ह्याला हळद लागेल त्या दिवशी ह्याच्या भारोभार गूळ तुझ्यात सोडीन, तोवर ह्याचा पाय तुझ्या पाण्याला लागणार नाही.

लग्न निघालं ऐन वैशाखात. गूळ बैलगाडीत, नवरदेव पिवळा, आणि उतारावर जाऊन बघतात तर नुसती वाळू! वरच्या धरणाने पाणी अडवलेलं. भिकनच्या बापाने सांगितलं, वाळूतच ठेव. सुगंधाबाई अडून बसली, की पाणीच नाही तर देऊ कुणाला? गूळ परत आला, लग्नातल्या लापशीत गेला. नंतर पाऊस झाला, नदी दुथडी भरून वाहिली, पण हळदीचा दिवस गेलेला. नदीने आपलं घेतलं नाही, हे आईने मनाशी धरलं ते कायमचं. पुढे बंधारा झाला आणि तो उतारही पाण्याखाली गेला.

भिकनला हसणं सोपं होतं, आणि लोक हसायचेही. पण बोट काठ सोडून निघायची तेव्हा तो भोंगा खाली घेऊन ती वळेपर्यंत बघत राहायचा. त्याला एकदा तरी त्या बोटीत बसायचं होतं. आईचा शब्द मोडून मात्र बसायचं नव्हतं.

त्या संध्याकाळी त्याने विचारलं. सुगंधाबाई शेंगा फोडत बसली होती.

"माय, मी एकदाव बोटमा बसू का?"

शेंग फुटली. दाणे सुपात पडले.

"मी मरसू, मंग बस."

"असं काय बोलस वं माय? त्या बोटी जातीन आठेथून."

"जाऊ दे. बोटी जातीन. तू तं राहशी."

तो उठून अंगणात गेला आणि उगाच गाईला पेंढी टाकून आला. गाईने ती हुंगून सोडली, तिचं पोट भरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाया पुन्हा आल्या, आणि त्यांच्यामागून काठी टेकत सुगंधाबाई आली. तिच्या काखेत फडक्यात गुंडाळलेली गुळाची भेली होती.

"माय, तू कसाले उनी?"

"नवस मी बोलेल शे, फेडसू बी मीच. मी मरी गऊ तं कोन फेडी?" तिने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आते तू रेडाना सारखा व्हई गया. भारोभार गूळ कथाईन आनू? जे शे ते शे."

झुंबरबाई फिसकन हसली.

ललित धुळ्याचा, शिकलेला मुलगा. तो घाबरला. "आजी, तुमचं वय झालंय. मी नेऊन सोडतो ना गूळ."

"तुना नवस शे का?"

ललितने जाकीट आणलं. नऊवारीवर भगवं जाकीट चढवून सुगंधाबाई बोटीत बसली, भेली मांडीवर. बायांनी मिळून बोट लोटली. भिकन कोरड्या वाळूवर उभा राहिला. गूळ सुटेपर्यंत त्याला पुढे जाता येणार नव्हतं, आणि त्याचे हात मोकळे लोंबत होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला भीती कळली, आणि आई जन्मभर बाळगत आली ती हीच होती.

वारं पडलेलं होतं, त्यामुळे बोलणं काठापर्यंत ऐकू येत होतं.

"कुठे नेऊ, आजी?"

"जुना उतारवर ने. तठे निम व्हता."

बोट सरळ गेली, मग डावीकडे वळली, मग थांबली. सुगंधाबाईने एकदा इकडे हात दाखवला, एकदा तिकडे. निंब नव्हता, खडक नव्हता, ज्यावर आधारचा सदरा सापडला होता तो दगड नव्हता. बराच वेळ बोट तिथल्या तिथे गिरकी घेत राहिली.

"काही समजत नही रे पोऱ्या. बठ्ठं पानी सारखंच दिखस."

मग ती कडेला वाकली. भेली पाण्यात गेल्याचा आवाज झाला, तो अगदी लहान होता.

परत येताना बोट काठापासून थोड्या अंतरावर गाळात रुतली. ललितने वल्हं टेकवून पाहिलं, ती हलेना. दोघी-तिघी बाया साड्या खोचून पुढे निघाल्या. सुगंधाबाईने हाताने त्यांना थांबवलं.

"भिकन, तू ये. माले उतार."

भिकनने वहाणा काढल्या. देवळाबाहेर ठेवतात तशा शेजारी शेजारी ठेवल्या आणि तो पाण्यात शिरला. वरचं पाणी कोमट होतं, पायांशी गार होतं, आणि गाळ बोटांच्या फटींतून वर येत होता. पाणी असं असतं, हे त्याला माहीत नव्हतं. गुडघाभर पाण्यात जाऊन त्याने आईला दोन्ही हातांवर उचललं. तिचं वजन जाकिटापेक्षा थोडंच जास्त असेल.

काठावर झुंबरबाईने एक जाकीट उचलून अंगात घातलं आणि बंद कसा लावायचा म्हणून ओरडून विचारायला लागली. दुसरीने दुसरं उचललं. भोंगा वाळूत पालथा पडला होता.

भिकन काठाकडे वळला, तेव्हा आईने त्याच्या खांद्यावरून मागे, गूळ सोडला त्या पाण्याकडे पाहिलं.

"थांब," ती म्हणाली. "जरासा उभा राह्य आठे."

भिकन तिला घेऊन पाण्यात उभा राहिला.