एका अक्षराची काटकसर

सासऱ्यांची काटकसर सगळ्या गल्लीला ठाऊक होती. टूथपेस्टची ट्यूब ते आधी पिळत, मग बाटलीनं लाटत आणि शेवटी कात्रीनं कापून आत ब्रश फिरवत. पस्तीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवलेला माणूस. एक अक्षर वाचलं की एक खिळा वाचतो, हे त्यांच्या हाडीमांसी मुरलेलं. त्यामुळे घरखर्चाच्या वहीतही अक्षरांचा दुष्काळच. दूध म्हणजे दू., किराणा म्हणजे कि., इस्त्री म्हणजे इ., आणि मुलानं काही मागितलं की तिथं नुसती फुली.

ही वही त्यांनी कधी कुणाच्या हाती दिली नव्हती. पण मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पंधरा दिवस लेकीकडे जायची वेळ आली, तेव्हा त्यांनी ती, दोऱ्याला बांधलेल्या किल्लीसकट, सुनेपुढे धरली. "नीट सांभाळ. पानं उलटताना थुंकी लावू नकोस."

सून घरीच शिवणकाम करायची. हात असा की कापड तिच्याशी बोलायचं. पण कडा मात्र हातानं टीप घालून बांधाव्या लागायच्या, आणि त्यातच तिचा अर्धा दिवस खलास व्हायचा. पलीकडच्या रस्त्यावरचा एक म्हातारा शिंपी दुकान बंद करत होता. त्याच्याकडं कडा शिवायचं ओव्हरलॉक मशीन होतं. पंधरा हजार म्हणाला, आणि म्हणाला, "शनिवारपर्यंत थांबतो. नंतर भंगारवाला आहेच." तेच मशीन आलं तर दवाखान्याच्या साठ ॲप्रनचं काम तिला मिळणार होतं. जवळ होते सहा हजार. उरलेले नऊ घरखर्चातून कुठं निघतात का, हे बघायला ती मंगळवारी दुपारी वही घेऊन बसली.

आणि पहिल्याच पानावर तिचं बोट अडलं.

कि. ८०००, खाली उ. १९०. दू. १५००, खाली उ. ६०. इ. ३००, उ. ४५. महिन्यामागून महिने, प्रत्येक बाबीखाली, अगदी फुलीखालीसुद्धा, तोच उ. उभा. उ. म्हणजे उधारी, दुसरं काय असणार! वर्षभराची बेरीज मारली तर नऊ हजार तीनशे चाळीस.

नवरा बसच्या वर्कशॉपमधून आला तेव्हा त्याच्या हातातला डबा खाली ठेवायच्या आत तिनं वही त्याच्या नाकासमोर धरली.

"बाबा आणि उधारी?" तो म्हणाला. "अगं, बाबा शिंकसुद्धा अर्धीच देतात."

"मग हे काय आहे?"

त्यानं बराच वेळ त्या उ. कडे पाहिलं, बिघडलेल्या इंजिनाकडे पाहावं तसं. मग मान खाजवली. "विचारू का त्यांना?"

"खबरदार, अहो! डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. बिचाऱ्यांनी वर्षभर एकट्यानं झेललं, कुणाला कळू दिलं नाही. आता विचारून लाज काढायची?"

सासऱ्यांचा एक नियम घरात सगळ्यांना पाठ होता: उधारी फिटल्याशिवाय नवी वस्तू दारात येणार नाही. म्हणजे मशीन गेलंच. तिला रडू आलं, आणि रडू आलं याचा रागही आला. आदल्या रात्री ती मनातल्या मनात मशीनसाठी खिडकीजवळची जागासुद्धा रिकामी करून बसली होती. पण आधी उधारी फेडायची, एकदा ठरवलं की ठरवलं. बुधवारी तिनं सहा हजारांतून किराण्याच्या नावचे दोन हजार एकशे दहा मोजले आणि तडक दुकान गाठलं.

"काका, आमची उधारी घ्या."

किराणावाले काका साखर जोखत होते. ते हसले. "कसली उधारी, ताई? तुमचे सासरे पहिल्या तारखेला पैसे आणून देतात, तेही माझ्या पावतीवरच्या चुका काढून."

"त्यांनी सांगितलं असेल तुम्हाला तसं बोलायला."

"अहो, खरंच काही नाही!"

"आम्हाला कुणाचे उपकार नकोत," ती म्हणाली, नोटा गल्ल्याच्या काचेवर ठेवल्या आणि मागं न बघता निघाली. रांगेत सहा माणसं होती, काकांना धावता येईना. ते नुसते "ताई, ताई" करत राहिले.

गुरुवारी डाळीच्या पुड्याबरोबर काकांची चिठ्ठी आली. डाळीचे पैसे मिळाले, असं लिहून खाली: उ. २११०.

सुनेचा पारा चढला. कडेला लावलेली सुई तशीच ओढणीत खुपसलेली, आणि ती दुकानात हजर. "काल दिले ना हातात! तरी पुन्हा तेवढीच उधारी?"

"उधारी?" काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "ताई, ते उरले आहेत. उरले! तुमचेच पैसे माझ्याकडं उरले. तुमच्या सासऱ्यांनीच शिकवलंय मला असं लिहायला. शाई वाचते म्हणाले."

तिनं ओढणीतली सुई काढून पुन्हा नीट खोचली. मग अगदी हळू म्हणाली, "काका, एकदा फोन करू का इथून?"

नणंदेनं फोन सासऱ्यांच्या कानाशी धरला. तिनं एका दमात सगळं सांगितलं.

"माझ्या वहीत उधारी?" सासरे म्हणाले. आवाज चांगलाच दुखावलेला. "अगं सूनबाई, उधारी असती तर मी पूर्ण शब्द लिहिला असता. लाजेच्या गोष्टीत काटकसर करायची नसते."

"मग बाबा, ते उरलेले..."

"वहीच्या दोऱ्याला किल्ली आहे ती कशाची वाटली तुला? तुझ्या मशीनच्या डाव्या खणाची आहे ती."

जुन्या ट्रंकेची वाटली होती. तिच्याच शिलाई मशीनचा डावा खण वर्षभर अडकलेला होता. नवऱ्याला ती रोज म्हणायची, बसची इंजिनं खोलता, हा एक खण उघडता येत नाही? आणि तो रोज उद्यावर ढकलायचा. किल्ली फिरवली आणि खण लोण्यासारखा बाहेर आला. आत छापखान्यातल्या जुन्या कागदांची घरी चिकटवलेली पाकिटं. दू. उ., कि. उ., इ. उ. आणि एकावर नुसतीच फुली. मुलानं मागितलेलं आणि न दिलेलं सगळं त्यात होतं.

नऊ हजार तीनशे चाळीस. एक पैसा कमी नाही.

संध्याकाळी तिनं पुन्हा फोन लावला. "बाबा, पण माझ्याच खणात का?"

"तुझेच आहेत म्हणून." सासरे म्हणाले. "अगं, बारीक खिळे बघून बघून माझ्या डोळ्यांची वाट लागली. तू दुपारभर ती कड नाकाशी धरून शिवतेस, ते मला दिसायचं. दिसत होतं तोवर."

फोन तिनं नवऱ्याच्या हाती दिला. त्यानं घसा खाकरला आणि म्हणाला, "बाबा, त्या फुलीच्या पाकिटातलं थोडं..." पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

किराणावाल्या काकांनी दोन हजार एकशे दहा परत केले, वर "पुन्हा उपकार करायला येऊ नका" असं हसत बजावलंही. शनिवारी सकाळी मशीन खिडकीजवळ येऊन बसलं.

पंधरा दिवसांनी सासरे आले. काळा चष्मा काढून त्यांनी आधी मशीनवरून हात फिरवला, तेलाचं बोट कपाटाला पुसलं, आणि मग वही मागितली. शेवटच्या पानावर सुनेच्या ठसठशीत अक्षरात होतं: ओव्हरलॉक मशीन पंधरा हजार. उरले तीनशे चाळीस.

नव्या डोळ्यांनी त्यांनी ते दोनदा वाचलं.

"केवढी ही उधळपट्टी," ते म्हणाले. "एवढे शब्द!"

मग खिशातून पेन काढलं, आणि खाली, एकही अक्षर न वाचवता, सावकाश लिहिलं: सूनबाईचे डोळे वाचले.