तळ पाहून आलेली रेहाना

वैशाखातल्या दुपारी भिंगारवर जे पांढरे, निर्दय ऊन कोसळते, त्यात रेहाना डोळे किलकिले करून चालायची. महिनोन्‌महिने जहाजावरच्या अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्याच्या निळसर पडद्यासमोर बसून तिची नजर काळोखालाच सरावली होती. बोलता बोलता तिचा हात हवेत संथपणे खाली जायचा, जणू बोटांना बांधलेली एखादी अदृश्य दोरी ती अथांगात सोडते आहे. पाण्याचा टँकर आला की जिथे गल्लीभर कळशांचा कल्लोळ उठतो, तिथली ही मुलगी समुद्राच्या तळाचा अभ्यास करायची. मी तिची शेजारीण आणि शाळेपासूनची मैत्रीण.

मेलेला मासा तळाशी पोचला की त्याला संपवायला जे जीव गोळा होतात, ते तिच्या संशोधनाचा विषय होते. दोरीला मासा बांधायचा, सोबत कॅमेरा आणि दिवा सोडायचा, आणि वाट पाहायची. सुट्टीत घरी आली की गच्चीवर बसून ती त्या जेवणावळीचे वर्णन इतके रंगवून करायची, की तिचा धाकटा भाऊ इरफान नाक दाबून ओरडायचा, “आपा, आम्हाला तरी सुखानं जेवू दे की!” आणि मग तोच पुढे सरकून विचारायचा, “पुढं काय झालं?” तिच्याच तोंडून समुद्र ऐकत तो मोठा झाला, आणि एका मालवाहू जहाजावर स्वयंपाक्याच्या हाताखाली लागला.

सरत्या पावसाळ्यात, अरबी समुद्रात, इरफान जहाजावरून नाहीसा झाला. पडताना कुणी पाहिले नाही. शोध घेतला गेला, मग थांबवला गेला, आणि जहाज आपल्या वाटेने निघून गेले. जहाज कंपनीचा फोनवरचा माणूस हे सारे इतक्या मृदू स्वरात सांगत होता, की खालाला, म्हणजे रेहानाच्या आईला, मुलगा सापडल्याचीच बातमी आहे असे क्षणभर वाटले.

खाला जामखेडकडच्या खेड्यातली. घरात दखनी बोलत असली, तरी दुःख अनावर झाले की तिच्या तोंडी माहेरची मराठी यायची. ना गुसलची अखेरची आंघोळ, ना कफन, ना मूठभर माती. हे अपुरेपण तिच्या जिवाला कुरतडू लागले. बायका आत जात नसत, म्हणून संध्याकाळी ती कब्रस्तानाच्या भिंतीबाहेर जाऊन उभी राही. आत तिच्या नवऱ्याची कबर होती, सासऱ्यांची होती. मुलाची मात्र पृथ्वीवर कुठेच नव्हती. एके दिवशी तिने रेहानाचा हात धरला. “तू समुद्राची डॉक्टर हायेस ना? मंग शोधून आन माझ्या लेकराला. लई न्हाई मागत. नुसती हाडं आन.”

रेहानाने मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे मला उमगले नाही. पुढच्या मोहिमेवर ती गेली.

त्या मोहिमेत काय घडले, ते तिने मला नंतर सांगितले. समुद्र तोच होता. इरफान गेला ती जागा मात्र फार दूर. दिवा तळाशी टेकला. आधी काहीच नव्हते. वरच्या पाण्यात मेलेल्या सूक्ष्म जीवांचा पांढुरका भुगा तेवढा राखेसारखा झिरपत होता. मग ते आले. तांदळाएवढे, कोळंबीच्या कुळातले असंख्य जीव, त्यांच्यामागून करडे खेकडे, आणि रेशमी फितीसारखा वळत आलेला एक लांबलचक मासा. त्यांनी दोरीला बांधलेल्या माशाच्या डोळ्यांपासून आरंभ केला. एरवी या क्षणी रेहाना आनंदाने टाळी वाजवायची. त्या दिवशी ती दोन्ही तळव्यांनी पडदा बडवू लागली. “हटा! हटा तिथून!” सहकाऱ्यांनी तिला धरून बसवले, पण तिने पडदा बंद करू दिला नाही. उघडा, स्वच्छ काटा उरेपर्यंत ती पाहत राहिली.

“त्या जिवांत राग नव्हता गं, घाईसुद्धा नव्हती,” ती मला म्हणाली. “सगळे म्हणतात, निसर्गाचं चक्र आहे. मीही व्याख्यानात हेच सांगत आले. मला चक्र नको. मला माझा भाऊ पाहिजे.”

ती परतली तेव्हा मी त्यांच्याच घरी होते. खालाने आधी तिच्या बॅगेकडे पाहिले, मग तिच्या चेहऱ्याकडे. “घावला?”

“नाही अम्मी. सापडणारही नाही. हाडंसुद्धा नाहीत.” आणि रेहाना सांगत गेली, काहीही न लपवता, आवाज न चढवता. तिचा हात नेहमीसारखा हवेत खाली जाऊ लागला आणि मध्येच थबकला.

“जित्तेपनी खाल्लं त्याला?” खालाने विचारले.

“नाही, अम्मी. सगळं संपल्यावर.”

मग खाला म्हणाली, “कशाला शिकलीस गं एवढं? अडानी ऱ्हायली असतीस, तर आज मला खोटं तरी सांगितलं असतंस.” आणि इतक्या महिन्यांत न रडलेली ती बाई लेकीच्या मांडीवर कोसळून, हंबरडा फोडून रडली.

दुसऱ्या दिवशी इरफानचे कपडे गरिबांना दिले गेले. खालाने भिंतीपाशी जाणे सोडले. घराबाहेर पडणेच सोडले. रेहाना नोकरी सोडेल असे मला वाटले होते. ती पुन्हा जहाजावर गेली. निघताना एवढेच म्हणाली, “तो जिथं आहे, तिकडं जायचा दुसरा रस्ता मला ठाऊक नाही.”

मातीत निजलेल्या माणसावर निदान गवत उगवते, आणि त्या गवताच्या आडोशाने काळ हलकेच आपले काम उरकतो. पण ज्याला जागाच उरली नाही, त्याची आठवण पुरायला काळाला तरी जमीन कुठून मिळावी?