दोन मिनिटांची फेरी

"डोळे मिटा. काळूराम, फटीतून बघतोयस ते दिसतंय मला. मिटलेस? आता चपला हातात घ्या."

तिसरीतल्या अडतीस मुलांनी उभ्या उभ्या वाकून नसलेल्या चपला उचलल्या.

"देवळामागून निघालो. आता बांध लागला. हात पसरा, तोल सांभाळा. अंगठ्यापुढे टाच, अंगठ्यापुढे टाच, चाळीस पावलं. दोन्हीकडे खाचरात पाणी आहे. पडलात तर कपडे आई धुणार, मी नाही. आता चर आला. मारा उडी!"

अडतीस उड्या एकदम पडल्या. शेजारच्या वर्गात शिकवणारे मुख्याध्यापक चांगदेव गुरुजी खडू हातात धरून भिंतीकडे बघत राहिले.

"डावीकडे वळा. खाऱ्या पाण्याला अडवणारं बांधातलं दार, उघाडी, आठवते ना? तिच्यातून पाणी सुटलंय, ऐका. आता खाडी. तोंडावर वारा येतोय. मोठ्ठा श्वास घ्या. सोडा. चिखलात निवट्या मासे उड्या मारतायत. हात लावू नका, नुसतं बघा."

वर्ग इतका शांत झाला की बाहेर नळाखाली भिजत ठेवलेल्या खिचडीच्या पातेल्यात पडणारं पाणी ऐकू यायला लागलं. मुलांचे चेहरे सैल पडले. कुणी किंचित डुलत होतं. तिसऱ्या रांगेतल्या पूर्वीने वारा खरंच लागत असल्यासारखी हनुवटी वर केली होती.

कौसल्याबाईंनी एकदाच टाळी वाजवली. "परत या."

मुलं परत आली, खाली बसली, पाट्या पुढे ओढल्या. मघाशी सात सातीला गडगडलेला पाढा आता सरळ सात दाहेपर्यंत गेला.

मानकोली नाक्यापासून आत, गोदामांच्या पट्ट्यात हे गाव. २००६ साल चालू होतं आणि गावात भाताच्या खाचरांपेक्षा पत्र्याची छपरं जास्त झाली होती. कौसल्याबाई इथल्याच. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना ना कधी आदर्श शिक्षिकेचा पुरस्कार मिळाला, ना कधी कुणाची बोलणी खावी लागली. म्हणजे सरकारी नोकरीत जितकं नजरेआड राहता येतं तितक्या त्या राहिल्या होत्या. स्वतःच्या डोक्यातून काढलेली एकच गोष्ट त्यांच्याकडे होती, ती म्हणजे ही फेरी.

झालं असं, की भिवंडीच्या एका प्रशिक्षणात कुणी तज्ज्ञ बाईंनी सांगितलं होतं, लहान मुलांचं लक्ष वीस मिनिटांच्या वर टिकत नाही. मध्ये दोन मिनिटं त्यांना मोकळं सोडा, मग बघा. बाकीच्या शिक्षकांनी हे वहीत उतरवलं, चहा घेतला आणि वही कपाटात ठेवून दिली. कौसल्याबाई मात्र परतताना रिक्षात विचार करत बसल्या. मोकळं सोडायचं, पण कुठे? शाळेचं मैदान रस्त्यात गेलं होतं आणि रस्त्यावरून दिवसभर कंटेनर जात होते. मग त्यांना आपल्या लहानपणाची वाट आठवली. ती आता कुठेच नव्हती, त्यामुळे तिथे कंटेनर येण्याचीही भीती नव्हती.

फेरी कधी काढायची हे त्या घड्याळात बघत नसत. मुलं बसायच्या पट्टीचे दोरे उपटायला लागली, की समजायचं वेळ झाली. सगळ्यात आधी दोरे उपटायची ती पूर्वी. गावातल्या मनोजची ही मुलगी. पहिली-दुसरीत ती दहा मिनिटंसुद्धा एका जागी बसली नव्हती आणि हिला अक्षर म्हणून येणार नाही असं दोन शिक्षकांनी बोलून दाखवलं होतं. जूनपासून रोज तीनदा खाडीवर जाऊन आल्यावर दिवाळीच्या सुमारास तिने एक अख्खा धडा वाचला. बाईंनी त्या दिवशी घरी जाऊन स्वतःसाठी शिरा केला.

"ही तुमची फेरी मी कुठल्या रकान्यात लिहू, बाई?" चांगदेव गुरुजी विचारत. "सहलीत लिहू तर बस कुठंय?"

"सहलीतच लिहा. अपघात नाही, डिझेल नाही," बाई म्हणत.

नंतर त्यांना हे बोलणं आठवून फार वाईट वाटलं.

डिसेंबरातला सोमवार होता. मोठी सुट्टी संपली आणि हजेरीत पूर्वी नव्हती. दप्तर होतं, खिचडीची ताटली धुऊन ठेवलेली होती.

"रुचिका, पूर्वी कुठंय गं?"

"ती फेरीला गेली, बाई."

"कुठे?"

"फेरीला. बोलली, आपन डोले मिटून किती दिस बघायचं, मी उघड्या डोल्यांनी बघून येतं."

गुरुजींना वर्ग बघायला सांगून बाई देवळामागे धावल्या. तिथून पुढे बांध नव्हता, गोदामाची भिंत होती, आणि भिंतीला एक फाटक. फाटकावरचा वॉचमन खुर्चीत बसला होता.

"इधर से छोटी लडकी गयी क्या?"

"हां, गयी ना. मैंने पूछा किधर, तो बोली खाडी पे जा रही हूँ," वॉचमन हसला. "मैं समझा किसी के साथ है."

बाई आत शिरल्या. पायाखाली सिमेंट होतं, तरी पायांना वाट ठाऊक होती. पुढे गोदामाचा धक्का, माल उतरवायची उंच कड. तिच्याखाली गाड्यांसाठी जमिनीवर पिवळी पट्टी मारलेली. त्या पट्टीवरून पूर्वी चालली होती. हात पसरलेले, अंगठ्यापुढे टाच, ओठांत आकडे. आणि तिच्या पाठीमागून एक लांबलचक ट्रेलर धक्क्याला लागायला हळूहळू मागे येत होता.

ओरडावं तर पोर दचकून जागच्या जागी थिजेल, हे बाईंना कळलं. कसं कळलं ते देव जाणे. त्यांनी टाळी वाजवली. एकदाच.

"पूर्वी, परत या."

पूर्वी वळली आणि वर्गात येते तशी, काहीच न विचारता, सरळ त्यांच्याकडे चालत आली. ट्रेलर तिच्या जागेवरून मागे गेला. बाईंनी तिला पोटाशी धरलं आणि बऱ्याच वेळाने त्यांच्या लक्षात आलं, की आपण तिला खूप जोरात धरलंय.

"बाई, चालीस झाली," पूर्वी म्हणाली. "चरच न्हाय आला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मनोज शाळेत आला. तो बाईंचाच जुना विद्यार्थी, पण त्या दिवशी तो बाप म्हणून आला होता.

"कोन बोललं तुम्हाला पोरांना तिकडं न्यायला? काय हाय तिकडं आता? जे न्हाय ते पोरांच्या डोक्यात कशाला भरता? माजी पोर मेली असती, बाई!"

त्याचं खरंच होतं. चांगदेव गुरुजींनी लाजत लाजत कागद पुढे केला आणि यापुढे वर्गात असा कोणताही उपक्रम घेणार नाही, असं बाईंनी लिहून दिलं. सही करताना त्यांना वाटलं, तीस वर्षांत आपण एक वाट काढली, तीही पोराला चाकाखाली नेणारी निघाली.

मग वर्ग नुसता वर्ग राहिला. दुपारी मुलं पट्टीचे दोरे उपटत आणि बाई बघून न बघितल्यासारखं करत. एकदा काळूरामने, "बाई, नुसतं उघाडीपर्यंत तरी," म्हणून बघितलं, तर त्यांनी त्याला कधी नव्हे ते रागावून खाली बसवलं. पाढे गडगडले. पूर्वी पुन्हा खिडकीशी जाऊन उभी राहायला लागली.

महिना गेला. एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर मनोज पुन्हा दारात उभा दिसला. बाई खुर्चीतून उठल्याच.

"बसा बाई, भांडायला न्हाय आलो." तो लहानपणी बसायचा तसा पट्टीवरच बसला. "घरी येता का जरा? भाऊंसाठी."

भाऊ म्हणजे त्याचे वडील. त्यांच्या शेतावर गोदाम उभं राहिल्यापासून त्यांचं डोकं हळूहळू विरत चाललं होतं. रोज दुपारी ते काठी घेऊन उठत आणि खाचरात पाणी किती आहे ते बघून येतो म्हणत. अडवलं की शिव्या देत, रडत. जेवण टाकून देत.

"पोरगी त्यांना फेरी करवते आता," मनोज म्हणाला. "शालंत बंद झाली ना, तर घरात चालू केली. डोले मिटवते नि नेते. भाऊ गपचूप बसतात बाई. परवा तर जेवले सुदिक. पन हिला सरल खाडीवरच नेता येतं. भाऊ बोलतात, मला मधी थांबव, भाताची लावनी चाललीय, मला लावनी बघू दे. ही बोलते, बाई मधी थांबत न्हाईत." तो पट्टीचा दोरा ओढत होता. "तुमच्याशिवाय आता कोनाला म्हायती हाय ते? मला बी न्हाय. मी कवा गेलोच न्हाय शेतावर."

कौसल्याबाई त्याच्या मागोमाग गेल्या. नव्या बंगल्यात गुळगुळीत फरशी होती आणि सोफ्यावर भाऊ पाय वर घेऊन, बांधावर बसावं तसे बसले होते. आक्का, त्यांची बायको, चहा ठेवून कोपऱ्यात उभी राहिली. या जागी आधी भाऊंचं जुनं घर होतं. त्याच्या अंगणात, ओट्याच्या खाली उभं राहून बाईंचा बाप, जानू, सकाळी हाक मारायचा आणि भाऊंच्या शेतावर कामाला निघायचा. जानूला ओट्यावर चढलेलं बाईंनी कधी पाहिलं नव्हतं.

"भाऊ, डोळे मिटा," बाई म्हणाल्या. "देवळामागून निघालो."

"चपला काढ आदी."

"काढल्या. आता बांध. चाळीस पावलं."

"कुटली चालीस? तीसच व्हतात." भाऊ मिटल्या डोळ्यांनी हसले. "तुजी पोराची पावलं गं. तू जानूची ना?"

"जानूचीच."

मग त्या त्यांना सावकाश नेऊ लागल्या. मुलांना दोन मिनिटं देत, तशी घाई इथे नव्हती. पहिल्या खाचरात गुडघाभर पाणी, कडेला रोपांच्या जुड्या, वाकलेल्या बायकांची रांग. त्यांचं गाणं वाऱ्याबरोबर जवळ यायचं नि लांब जायचं. बगळे नांगराच्या मागे मागे. भाऊंची बोटं मांडीवर रोपं खोचल्यासारखी हलत होती. कोपऱ्यात पूर्वीही डोळे मिटून उभी होती.

"दुपार झाली," भाऊ म्हणाले. "जानू कुटं हाय?"

"पल्याडच्या बांधावर. जेवायला बसलाय."

तीच त्याची जागा होती. भाऊंच्या घरचे आंब्याखाली जेवायचे आणि जानू पन्नास हात लांब, उन्हात, एकटा. लहानपणी बाई त्याची भाकर तिथेच नेऊन द्यायच्या. कुणी तसं सांगितलेलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं, एवढंच.

भाऊंची हलणारी बोटं थांबली. मनोज फरशीकडे बघत होता.

"त्याला हिकडं बोलव," भाऊ म्हणाले. "बोल, भाऊ बोलवतो. हितं सावली हाय. मिलून जेवू."

जानूला जाऊन वीस वर्षं झाली होती, आणि जिवंतपणी त्या आंब्याखालून अशी हाक कधी आली नव्हती. बाईंना राग आला, इतका उशीर केल्याचा, आणि त्या रागातच रडूही आलं. इतक्या फेऱ्यांमध्ये त्यांनी स्वतःचे डोळे कधी मिटले नव्हते, मुलांवर लक्ष ठेवावं लागायचं. आता त्यांनी ते मिटले.

"येतोय, भाऊ," त्या म्हणाल्या. "चरात पाय धुतोय. आला."

"बसव त्याला."

"बसला."

भाऊंनी मांडी जरा आवळून घेतली आणि सोफ्यावर आपल्या शेजारी एका माणसाची जागा केली.