समाधान : एक चिकित्सक अभ्यास

मी पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा पास झाले, एवढंच झालं होतं. निकाल लागला शुक्रवारी आणि रविवारी आमच्या गावी, टेंभुर्णीच्या चौकात माझा फ्लेक्स लागला. माझा धाकटा भाऊ मिथुन असल्या कामात कधी उशीर करत नाही. ‘आमच्या लाडक्या ताई डॉ. ज्योत्स्ना यांचे हार्दिक अभिनंदन!’ खाली शुभेच्छुकांचे एवढे चेहरे, की माझा फोटो बिचारा कोपऱ्यात गेलेला.

“अरे, डॉक्टर कुठं झाले मी?” मी फोनवर ओरडले. “नुसती परीक्षा झालीय. अजून गाइड नाही, विषय नाही. पाच-सहा वर्षं लागतात त्याला.”

“आता छापून झालं ना ताई. टांगून झालं,” मिथुन म्हणाला. “तूच जल्दी कर मंग.”

त्या दिवसापासून माझ्या फोनला उसंत नाही. भोकरदनपासून परतूरपर्यंत जेवढे म्हणून नातेवाईक, त्या सगळ्यांचे गुडघे एकाच आठवड्यात दुखायला लागले. बेबीनंदा आत्याने तर कंबरेचा एक्स-रेच व्हॉट्सॲपवर पाठवून दिला.

“आत्या, मी माणसांची डॉक्टर नाही गं. बियाण्यावर अभ्यास करणार आहे मी.”

आत्या म्हणाली, “बियाण्याला काय दुखून राह्यलं माय?”

मला हसू आलं, पण खरं सांगायचं तर माझा प्रश्न तोच होता. जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत मी पंधरा वर्षं गुणवत्ता विभाग सांभाळते. सोयाबीनचे दाणे ओल्या कागदात गुंडाळायचे, ठराविक दिवसांनी गुंडाळी सोडायची आणि किती उगवले ते मोजायचं. सत्तर टक्क्यांच्या वर असेल तर माल पास. आमचा माल पास होतो, त्यात काही खोट नाही. तरी दरवर्षी जूनच्या शेवटी तक्रारी येतात की बी उगवलं नाही. मग मी गाडीत बसून त्या शेतात जाते आणि कंपनीचं ठरलेलं वाक्य ऐकवते, “पेरणी खोल झाली.” कधी झालेलीही असते. दरवेळी कशी होईल? सोयाबीनची साल पातळ, हमालाने पोतं वरून आपटलं तरी दाण्याला आतून मार बसतो, आणि मे महिन्यात जालना जिल्ह्यातली दुकानं किती तापतात हे मी सांगायला नको. कागदाची गुंडाळी आणि काळी माती यांच्यामध्ये कुठेतरी उगवण मरते. कुठे मरते, ते मला शोधायचं होतं. बाकी नावाच्या आधी काय लागतं आणि काय नाही, ते मिथुनने बघावं.

शोधायला दोन वाटा होत्या आणि दोन्हींनी मला पिडून सोडलं.

पहिली वाट म्हणजे व्यावसायिक डॉक्टरेट. पुण्याच्या एका संस्थेतून पार्थ नावाचा मुलगा रोज फोन करायचा. आवाजात नुसता साखरेचा पाक. “मॅम, तुमच्यासारख्या वर्किंग प्रोफेशनलसाठीच आहे हे. नोकरी सोडायची नाही, वर्ग शनिवार-रविवार ऑनलाइन, तीन वर्षांत डॉक्टर. विषय तुमच्याच कंपनीतला घ्यायचा. फक्त कंपनीचं संमतीपत्र लागेल, आणि प्रबंध जमा करायच्या आधी कंपनी एकदा वाचून घेईल.”

ऐकायला उत्तमच होतं. मी आमचे मालक राधेश्यामशेठ यांच्या केबिनमध्ये गेले. शेठजी इतके खूश झाले की त्यांनी चहाबरोबर बिस्किटं मागवली.

“करा, बिलकुल करा! तीन वर्षांनी आपण बॅगवर छापू, ‘डॉ. ज्योत्स्ना यांनी तपासलेलं बियाणं.’ काय बात आहे! विषय काय घेतला?”

“गोदामापासून शेतापर्यंत उगवण कुठे कमी होते.”

शेठजींचं बिस्किट चहात तसंच राहिलं आणि तुटून पडलं.

“कमी कशाला म्हणता मॅडम? वाढते म्हणा. ‘उगवण वाढवण्याचे उपाय.’ आणि आपल्या कंपनीचे आकडे नका घेऊ त्याच्यात.”

“विषय आपल्या कंपनीचा, आणि आकडे कोणाचे घेऊ शेठजी?”

“ते तुम्ही हुशार आहात, बघा काहीतरी.”

मी बाहेर आले तेव्हा माझं डोकं तापून लाल झालं होतं. त्या अभ्यासक्रमात वाईट काही नव्हतं, हेही सांगून टाकते. ज्याचा मालक प्रश्नाला भीत नाही, त्याने तो डोळे झाकून करावा. पण माझा प्रबंध विद्यापीठाआधी शेठजी वाचणार, आणि नको ते खोडणार. वर माझंच नाव बॅगवर येणार. म्हणजे बी उगवलं नाही, की लोकांना ‘खोल पेरलं’ हे आता डॉक्टरीणबाई सांगणार. पार्थचा नंबर मी ब्लॉक केला. त्याने दुसऱ्या नंबरवरून फोन केला.

दुसरी वाट पीएच.डी.ची. तिला गाइड लागतो, आणि गाइडकडे जागा रिकामी लागते. शोधून शोधून संभाजीनगरच्या एका कॉलेजातले गिरिधर सर सापडले. निवृत्तीला आलेले, चष्मा कपाळावर, आणि टेबलावर प्रबंधांची चळत. माझं टिपण त्यांनी शांतपणे वाचलं, वरचं शीर्षक काट मारून काढलं आणि त्यावर लिहिलं, ‘जालना जिल्ह्यातील सोयाबीन उत्पादकांचे बियाण्याविषयीचे समाधान : एक चिकित्सक अभ्यास.’

मी त्या कागदाकडे बघतच राहिले. चळतीतल्या प्रबंधांच्या पाठीवरची नावं वाचली. शिक्षकांचे समाधान, एक चिकित्सक अभ्यास. परिचारिकांचे समाधान, एक चिकित्सक अभ्यास. बँक ग्राहकांचेही समाधान करून झालेलं होतं. या मराठवाड्यात इतकी समाधानी माणसं राहतात, हे मला माहीतच नव्हतं.

“सर, मला समाधान नाही मोजायचं,” माझा आवाज चढला. “मला बी का मरतं ते बघायचंय. ऑफिसातून रजा काढून आलेय मी. तिकडे शेठ म्हणतात ‘वाढते’ लिहा, इकडे तुम्ही म्हणता ‘समाधान’ लिहा. माझा प्रश्न काय कोणाच्या बापाचा आहे का?”

गिरिधर सर रागावले नाहीत. चष्मा खाली घेऊन म्हणाले, “मॅडम, तुम्ही नोकरीत आहात. मालकाचं ना हरकत प्रमाणपत्र आणल्याशिवाय विद्यापीठ तुमची नोंदणी करणार नाही. तुमच्या शीर्षकावर ते सही करतील?”

मी माझं काट मारलेलं शीर्षक पुन्हा वाचलं.

“या शीर्षकाला आजपर्यंत कोणीही हरकत घेतलेली नाही. आणि माणूस समाधानी का नाही, हे विचारल्याशिवाय समाधान मोजता येत नाही. पुढे कुठली पोती उघडायची, कुठल्या दुकानात तापमान घ्यायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी त्यात हात घालणार नाही, आणि तुमच्या शेठजींनाही घालू देणार नाही.”

एसटीतून परत येताना मी पार बदनापूरपर्यंत चडफडत होते. सरळ प्रश्नाला असं सोवळं का नेसवायचं? सहा वर्षं मी हे शीर्षक लोकांना कोणत्या तोंडाने सांगणार? पण दुसरीकडे जाऊन तरी काय मिळणार होतं? पुण्याच्या संस्थेत तीन वर्षांत पदवी होती आणि प्रश्नच नव्हता. इथे निदान प्रश्न माझ्याकडे राहत होता.

सोमवारी ना हरकत प्रमाणपत्राचा अर्ज घेऊन केबिनमध्ये गेले. शेठजींसमोर परतूरजवळच्या आष्टीचे बियाणे दुकानदार अण्णासाहेब बसले होते, पुढच्या हंगामाचं बुकिंग करायला. शेठजींनी शीर्षक मोठ्याने वाचलं आणि खुर्चीत मागे रेलले.

“बघा अण्णासाहेब, शेतकऱ्यांचं समाधान! आमच्या मॅडम यावर पीएच.डी. करून राह्यल्या. याला म्हणतात विषय.” त्यांनी पेनाचं टोपण काढलं. “विचारणार काय काय मॅडम लोकांना?”

तोंड बंद ठेवलं असतं तर सही होऊन गेली असती. पण मला त्या शब्दाचा इतका वीट आला होता, की माझ्याच्याने राहवलं नाही.

“पहिला प्रश्न, बी उगवलं का? उगवलं नसेल, तर ते कुठे मेलं हा दुसरा.”

शेठजींचं पेन कागदावर अधांतरी थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग अण्णासाहेबांकडे. अण्णासाहेब कप हातात धरून त्यांच्याकडेच बघत होते. गिऱ्हाइकासमोर ‘हे विचारू नका’ म्हणायची सोय नव्हती.

“विचारा की,” शेठजी शेवटी म्हणाले. “आपल्या मालाला काय भ्यायचं?” आणि सही केली, पेनाचं निब कागदात रुतेल अशी.

अण्णासाहेबांनी कप खाली ठेवला. “मंग म्याडम, सुरुवात आष्टीपासून करा,” ते हळू आवाजात म्हणाले. “मागल्या जूनमधी लोकं दुकानात आल्ते. तुमी सांगता तेच मी बी सांगितलं, खोल पेरलं म्हून. त्याच्यात माझा सख्खा भाऊ व्हता. पेरताना मी सोता त्याच्या वावरात उभा व्हतो. खोल न्हवतं पेरलं. त्या दिवसापासून भाऊ माझ्याशी बोलत न्हाई.”

शेठजी टोपण लावत बसले.

पंधरा वर्षांत त्या केबिनमध्ये मी कधी स्वतःहून बसले नव्हते. त्या दिवशी मी अण्णासाहेबांच्या शेजारची खुर्ची ओढली, बसले आणि विचारलं, “मे महिन्यात तुमच्या दुकानात ती पोती कुठं ठेवली होती?”