नसाबीची साक्ष

यवतमाळच्या दक्षता विश्लेषण कक्षात दिपाली राठोड कानाला हेडफोन लावून दिवसभर लोकांचे फोन ऐकायची. गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, येते म्हणूनच तिला घेतलं होतं. आपल्याच माणसांची बोलणी चोरून ऐकायची आणि साहेबांना मराठीत अहवाल द्यायचा. वर त्याला देशसेवा म्हणायचं!

पुसदकडच्या एका तांड्यावर गिट्टी क्रशरने उच्छाद मांडला होता. कपाशीवर धुळीचा थर, पोरं खोकून बेजार. तांड्याचा प्रमुख, नायक देवीलालने नसाब, म्हणजे तांड्याची पंचायत, बसवली. ठरलं ते इतकंच, की कलेक्टरकडे जायचं आणि कोणी दगडाला हात लावायचा नाही. फोनवर ऐकलेलं ते दिपालीने तसंच कळवलं. साहेबांनी त्याचा केला क्रशर जाळण्याचा कट. म्हातारा देवीलाल तुरुंगात गेला.

"साहेब, मी असं लिहिलंच नव्हतं."

"तुला पगार ऐकण्याचा मिळतो," साहेब हसले. "बोलण्याचा नाही."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पण नोकरी जाण्याची भीतीही होतीच. तिने देवीलालच्या वकिलाला आपलं नाव न सांगता निरोप धाडला, की कट खोटा आहे.

पुढच्याच आठवड्यात हेडफोनमध्ये नायकाची बायको रुपीबाई भावाला सांगत होती, "वकिलाले आमचे नायक म्हणले, नसाबीत तोंड लपवून कोनी साक्ष देत नाही. मले बी तशी नको. खरं असन तं समोर येऊन बोलन."

दिपालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत सडणारा माणूस असं बोलतो, आणि आपण पंख्याखाली जीव मुठीत धरून बसतो! तिने हेडफोन काढून ठेवला.

जामिनाच्या सुनावणीला ती पुसदच्या कोर्टात उभी राहिली. "मी दिपाली राठोड. ते फोन मीच ऐकले. कट नव्हताच. अहवाल साहेबांनी बदलला."

देवीलाल सुटला. आणि बाहेर पोलिसांनी तिलाच गाडीत बसवलं, गोपनीयता मोडली म्हणून. खोटं लिहिणारे साहेब समोरच्या टपरीवर निवांत चहा घेत होते.

"चला, घरी जाऊ," रुपीबाई नवऱ्याला म्हणाली.

देवीलाल गाडीच्या खिडकीशी आला. "बाई, तुह्या जमानतीले कोन हाये?"

"कोनीच नाही, नायक."

"मी हावो ना," म्हणत तो पुन्हा कोर्टाच्या पायऱ्या चढू लागला.