सिलिंडरचा नंबर

सकाळी उठल्यापासून देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत मी बोलत नाही. लग्न होऊन दुसरबीडला आले, त्या वर्षापासूनचा नेम. घरातल्यांना सवय आहे. दूध किती घ्यायचं ते मी दूधवाल्यालाही बोटांनीच सांगते. पण बोलत नसलेल्या माणसाला ऐकूही येत नाही, असं इतरांना हळूहळू वाटायला लागतं.

दिवाळीनंतर माझ्या शेखरचं लग्न झालं. सून प्रतीक्षा, मेहकरची. पोरगी गुणी, पण रोज आंघोळ झाली की खोलीची कडी आतून लावायची आणि बाहेर यायची ती ओले, लाल डोळे घेऊन. तेव्हा माझं मौन. दुपारी विचारलं की म्हणायची, साबण गेला आई. रोज कसा साबण जाईल?

एका सकाळी मी देवघरात वाती वळत होते. भिंतीपलीकडे ती बहिणीशी, दीपमालाशी, फोनवर बोलत होती.

"सिलिंडरचा नंबर आला व. सगळ्याइचं असते ते आपल्याले नाही चालत, वेगळंच मांगवा लागते. शेखरनं सांगून ठेवलं हाय. सासूबाईच्या कानावर नको जाऊ देऊ."

हातातला कापूस तसाच राहिला. सिलिंडर वेगळा, म्हणजे चूल वेगळी. एकुलता एक मुलगा, आणि लग्नाला चार महिने होत नाहीत तोच वेगळं निघायची तयारी. तीही माझ्या मौनाच्या वेळेत, भिंतीआड.

ही सोयरीक शेजारच्या शालूबाईंनी जुळवली होती. त्यांच्याकडे गेले, सिलिंडरचं काही बोलले नाही, फक्त म्हटलं की पोर रोज रडते वाटतं. शालूबाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. पोरगी सरळ हाय, म्हणाल्या, आणि यंदा कुरडया कधी घालायच्या ते विचारायला लागल्या. म्हणजे यांनाही ठाऊक होतं.

मग मला सगळीकडे तेच दिसू लागलं. प्रतीक्षा मांडणीवरचे डबे पुसायची, तर वाटायचं आपले वेगळे काढते आहे. शेखर जालन्याहून मोबाइल दुकानाचा माल घेऊन आला, तेव्हा एक लहान खोकं त्यानं पिशवीतून काढून थेट खोलीत नेलं. गॅसचा रेग्युलेटर बसेल एवढंच होतं. देवापुढे बसले तरी मन त्या खोक्यात.

एकादशीला मी फुलं घेऊन तिच्या दारावरून जात होते. त्या दिवशी कडी लागलेली नव्हती. ती जमिनीवर गुडघे टेकून फरशी चाचपत होती.

"आई, पाय नका हलवू. तिथंच कुठंतरी हाय."

मी थांबले. माझ्या अंगठ्याजवळ पाण्याचा थेंब पडल्यासारखं काहीतरी चमकत होतं. पण मला वाटलं, आता नाही विचारलं तर हे दोघं सामान बांधूनच सांगतील. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पूजेआधी माझं तोंड उघडलं.

"सिलिंडर काऊन मांगवला? माह्या हातचं गोड नाही लागत का?"

 मग तिला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले.

"आई, सिलिंडर माह्या डोयात हाय."

तो थेंब तिनं बोटावर उचलून दाखवला. तिच्या नजरेला वाकडा नंबर होता, डॉक्टर त्याला सिलिंडरचा नंबर म्हणतात. त्याची लेन्स साधी चालत नाही, वेगळी मागवावी लागते; शेखरच्या खोक्यात तीच होती. खालून किंचित जड असते, डोळ्यात फिरून जागेवर बसते. तिरकी राहिली की सगळं पुसट, आणि डोळ्यांना पाणी.

"मग चष्मा?"

"पाहाले आले तेव्हा तुम्हीच इचारलं होतं, चष्मा-बिष्मा नाही ना म्हणून. शालूमावशी म्हणे, काढून ठेव."

मी विचारलं होतं खरं. त्या दिवशी एकादशीच्या उपासाला पाणीही घेतलं नाही, मोडलेल्या नेमासाठी. पण आधी तिच्या पेटीतून चष्मा काढायला लावला. दुपारी तो लावून ती शालूबाईंकडे विरजण मागायला गेली. मीच पाठवली.

बाहेर जायचं असलं की ती अजून लेन्स लावते. आता कडी नसते. लावून झाली की पापण्या मिचकावत उभी राहते. मी मौनात. बसली का, एवढं भुवईनं विचारते. ती भिंतीवरच्या कॅलेंडरची तिथी वाचून दाखवते, आणि मी अगदी जवळ जाऊन, डोळे बारीक करून तिथी बघते, खरंच तीच आहे का.