प्रोजेक्टरचं उद्घाटन

सालेकसा स्टेशनामागच्या धानाच्या रिकाम्या गोदामात योगेश्वरीबाई बिसेन नऊ वर्षं सिनेमे दाखवत होत्या. थिएटरात कधीच न लागणारे, पोरापोरींनी स्वतःच्या हिमतीवर काढलेले. कचारगडच्या जत्रेचं शूटिंग करायला आलेली चार पोरं त्यांच्याकडे जेवली, पुढच्या वर्षी तयार सिनेमा घेऊन परत आली, तेव्हापासून हे सुरू झालं. प्रेक्षक वीस-पंचवीस. त्यातला मी एक. घर जवळ आहे आणि संध्याकाळी मला दुसरं काम नसतं.

गेल्या पावसाळ्यात जुन्या प्रोजेक्टरचा दिवा गेला. त्याच सुमारास नागपूरच्या एका प्रतिष्ठानाची जाहिरात आली. स्वतंत्र सिनेमाला बळ देणाऱ्यांचा सन्मान : शाल, श्रीफळ, मानपत्र आणि एक नवा प्रोजेक्टर. अट एवढीच की संस्था नोंदणीकृत हवी.

योगेश्वरीबाई ही संस्था नव्हती. नोंदणीला सात माणसं लागतात, ती गोळा झाली. दुलीचंद पटलेंचं बिछायत केंद्र आहे, त्यांनी दोनदा खुर्च्या दिल्या होत्या, म्हणून ते अध्यक्ष. माझं अक्षर बरं, म्हणून मी सचिव. योगेश्वरीबाईंचं नाव सातवं आलं, कारण नावं लिहिली तेव्हा त्या आत चहा ठेवत होत्या.

सन्मान मिळाला. मंचावर आम्ही सहा जण उभे राहिलो. फोटो योगेश्वरीबाईंनी काढला, त्यांच्या मोबाईलचा कॅमेरा चांगला आहे. सूत्रसंचालन करणारी मुलगी म्हणाली की अशा निःस्वार्थ हातांमुळेच छोटा सिनेमा जिवंत आहे. आम्ही हात जोडले.

प्रोजेक्टर खोक्यासकट संस्थेच्या लोखंडी कपाटात गेला. बुधवारी सभा झाली.

"शनिवारी लावू," योगेश्वरीबाई म्हणाल्या. "गुंजन येऊन राहिली. दरेकसाच्या तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायांवर पिक्चर काढला तिनं. त्याच बायांना पहिले दाखवाचा आहे, मंग बाहेर धाडते म्हणते."

"उद्घाटन झाल्याबिगर कसा लावता येईल?" दुलीचंदभाऊ म्हणाले. "हळद लागाच्या आधी नवरी सासरी धाडते का कोणी?"

"मशीन आहे भाऊ, नवरी नोहे."

"आमदारसाहेबाले बोललो मी. पुढच्या महिन्यात पाहू म्हणाले. आता आधीच खोका फोडला तं त्यायले काय तोंड दाखवू? इज्जत का सवाल है, बाई."

"त्या बाया मजुरी सोडून येऊन राहिल्या. जुन्याचा दिवा गेला म्हणूनच तं अर्ज केला. नाही तं कायले केला होता?"

"सन्मानासाठी," मनीराम म्हणाला. तो उपाध्यक्ष आहे. त्याने आजवर इथला एकही सिनेमा पाहिलेला नाही, त्यामुळे त्याचं मत निःपक्षपाती असतं.

"सर, तुम्ही सांगा ना," योगेश्वरीबाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही तं नऊ वर्षांपासून पाहून राहिले."

मी म्हणालो, "मतदान घेऊ."

आधी उद्घाटन, या बाजूने पाच. विरोधात एक. तटस्थ एक. इतिवृत्त लिहिता लिहिता हात वर करणं जमत नाही.

शनिवारी गुंजन पॅसेंजरने आली. तिच्यासोबत दरेकसाच्या सतरा बाया, ठेवणीतली लुगडी नेसून. योगेश्वरीबाईंनी स्टुलावर लॅपटॉप ठेवला. बाया त्याभोवती दाटीवाटीने बसल्या, मागच्या उभ्या राहिल्या. आवाज तेवढा येत होता.

"मी आली का वो?" मागून एकीने विचारलं.

"आली होती. गेली," पुढची म्हणाली.

एक बाई स्क्रीनला हात लावून बघत होती, तर दुसरीने तिचा हात बाजूला केला.

मी दाराशी उभा होतो. सचिव म्हणून कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. ती सदऱ्याच्या खिशात होती. कपाट भिंतीपलीकडे होतं.

गुंजनने मागे वळून विचारलं, "सर, तिथून दिसून राहिलं का?"

मला सतरा पाठी दिसत होत्या.

"हो," मी म्हणालो. "छान आहे."